कुंग फू विनोदपट: हसू जोखमीचं की जुळवणीचं?

सौमित्र_क
हाँगकाँगच्या जुन्या कुंग फू विनोदपटांचा विषय निघाला की गाडी थेट 'जीव धोक्यात घालून केलेले स्टंट' यावर येते. मला हे पटत नाही. १९७८चा 'ड्रंकन मास्टर' घ्या. उंचावरून उडी नाही, काचा फुटत नाहीत. जॅकी चॅन झिंगल्यासारखा झुकतो, तोल गेलासा वाटतो आणि त्याच झुकण्यात समोरच्याचा वार चुकतो. हसू येतं ते या जुळवणीचं. जोखीम हा वेगळा विषय.

घाटपांडे_ज
असहमत. 'प्रोजेक्ट ए' (१९८३) मधला घड्याळाचा मनोरा आठवा. काट्याला लोंबकळणारा जॅकी हात सुटून खाली येतो, वाटेत दोन कापडी छतं फाडतो आणि जमिनीवर आदळतो. मध्ये कट नाही. १९२३ मध्ये मूकपटांतला विनोदी नट हेरॉल्ड लॉइडही घड्याळाला लटकला होता, पण तिथे गंमत लटकण्याची होती. इथे माणूस खरोखर पडतो. शिवाय हे पडणं सिनेमात लागोपाठ दोनदा दाखवलंय. कथेला त्याची काहीच गरज नव्हती. पडणारा माणूस खरा आहे हे प्रेक्षकाला पटावं म्हणूनच ते ठेवलं. शेवटच्या श्रेयनामावलीत फसलेले टेक दाखवायची पद्धतही त्यातलीच.

सौमित्र_क
मनोऱ्यावरून पडताना श्वास अडकतो, मान्य. पण तेव्हा हसतं कोण? हसू कसं घडवतात ते बघा. कॅमेरा मागे आणि स्थिर; मारणारा, मार खाणारा, हातातली खुर्ची आणि मागची भिंत, सगळं एकाच चौकटीत. चित्रीकरण २४ ऐवजी सेकंदाला २२ फ्रेमने केलं की पडद्यावर हालचाल साधारण ९ टक्के वेगवान दिसते. याहून फार कमी केलं तर माणसं तुरूतुरू पळायला लागतात. फटक्यावर कट असेल तर पुढचा शॉट दोन-चार फ्रेम मागून सुरू करतात, म्हणजे तोच फटका डोळ्यांना पुरता सापडतो. हॉलिवूडमध्ये बरेचदा नेमक्या आदळण्याच्या क्षणी कट मारतात, मग कोणी कोणाला मारलं तेच कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो थांबा. तीन-चार फटके सलग, मग क्षणभर सगळं स्थिर, आणि त्या क्षणात नायक दुखरा हात झटकतो. प्रेक्षक नेमका तिथे हसतो. थांबा लांबला तर विनोद ओघळतो, गाळला तर नुसती हाणामारी उरते.

मृण्मयी
सौमित्र यांच्या बाजूने 'कुंग फू हसल' (२००४) आहेच. घरमालकीण पाठलाग करताना तिच्या पायांची चाकं होतात, सगळी संगणकाची करामत. धोका शून्य, तरी पोट धरून हसतो.

घाटपांडे_ज
मृण्मयी, त्यात घरमालक-मालकीण झालेले युएन वा आणि युएन च्यू दोघंही जॅकी चॅनच्याच पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय आणि कसरतींचं पारंपरिक चिनी नाट्य) शाळेत घडलेले. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीच्या कोलांटउड्या याच युएन वांनी मारल्या होत्या. लहानपणापासून कसलेलं अंग नसतं तर त्या करामतीला वजन आलं नसतं. पायांची चाकं संगणकाने केली. खांदे, मान आणि उभं राहण्याची ढब माणसाचीच आहे.

तांबोळी
'व्हील्स ऑन मील्स' (१९८४) मधली शेवटची लढत दोघांनीही पुन्हा पाहावी. समोर बेनी उर्किडेझ, किकबॉक्सिंगचा खराखुरा विजेता. त्याची एक लाथ हुकते आणि तिच्या वाऱ्याने ओळीतल्या मेणबत्त्या विझतात. लाथ बसली असती तर काय झालं असतं, हे त्या विझलेल्या वातींवरून कळतं.

सौमित्र_क
आणि मेणबत्त्या नेमक्या लाथेच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या चौकटीत कोणी मांडल्या, तांबोळी?

घाटपांडे_ज
मांडणाऱ्याला सलाम. पण त्याच जागी नवशिक्याला उभं करा. मेणबत्त्या जळतच राहतील.