सुचलेलं टिपायला ॲप हवंच का?

माळरान:
बहात्तरच्या दुष्काळावर लिहायचंय म्हणून दोन वर्षं ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये टिपणं काढतोय. एका टिपणात आजीचं बोलणं आहे: रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा, भाकरी थापताना चिरायची. आठ महिन्यांनी गावच्या पाझर तलावावर टिपण केलं. तो त्याच वर्षी दुष्काळी कामावर झाला. दोन्हीकडे दुहेरी चौकटी कंसात १९७२ लिहिलेलं; तसं लिहिलं की त्या नावाच्या पानाशी दुवा जुळतो. त्या पानावर गेलो तर दोन्ही टिपणं एकाखाली एक. आजीला विचारलं, तर ती त्याच बांधावर माती टाकायला जायची! वहीत हे कधीच जुळलं नसतं. कच्च्या विचारांना सॉफ्टवेअरच हवं.

टाक-दौत:
अजिबात पटलं नाही. जुळलं ते तुम्ही आजीला विचारलंत म्हणून. निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लाकडी खणांत ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर हातानं क्रमांक. २१ ला फाटा फुटला की २१अ, पुढं २१अ१. नवी चिठ्ठी कुठल्या चिठ्ठीमागं ठेवायची हे ठरवतानाच विचार व्हायचा. कंसात एक शब्द टाकून दुवा होतो तेव्हा नेमकं तेच राहून जातं. मीही एका ॲपात १,४०० टिपणं केली. टिपणांच्या दुव्यांचं ॲपनं काढलेलं ठिपक्यांचं जाळं बघत बसायचो, लेख एकही झाला नाही. आता पाठकोरे कागद वापरतो. महिन्यात दोन लेख झाले.

कृष्णाकाठ:
कागदाचं कौतुक मला सांगू नका. २०१९ च्या पुरात सांगलीत वडिलांच्या तीस वर्षांच्या वह्यांचा लगदा झाला. पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, पण शाई पार उतरली होती. ऑब्सिडियनच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात, आपल्याच संगणकावर राहतात. ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतात. फक्त प्रत दुसरीकडेही ठेवा.

माळरान:
टाक-दौत, तुमचा एक मुद्दा लागला. दुवा का दिला ते मी कुठंच लिहिलं नव्हतं. आज मिलोच्या टिपणाखाली लिहिलं: 'बांधावरच्या मजुरीतून हाच मिलो घेतला जायचा.' लिहिताना लक्षात आलं, मजुरी किती होती हे आजीला विचारलेलंच नाही. रविवारी गावी जातोय.