मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेला वापरलेला बेस गिटार करकरतोय, ठेवू की परत पाठवू?

मंडळी, जरा घाई आहे. परवा संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

मी बेळगावात शहापूरला राहतो, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. हळदी, वाढदिवस, गणपती. अर्धी गाणी मराठी, अर्धी कन्नड, आणि बाराच्या पुढे लोक मागतील ती. माझा पंधरा वर्षांचा जुना बेस आता गेल्यात जमा आहे. नेक, म्हणजे लांब दांडी, पिळवटलाय, बाराव्या फ्रेटवर (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) तारेखाली पेन्सिल मावते. ई या सगळ्यात जाड तारेची चावी घसरते, दोन गाण्यांत सूर उतरतो आणि कीबोर्डवाला माझ्याकडे असा बघतो की जणू मीच उतरून आलोय.

म्हणून बेंगळूरच्या एका मुलाकडून वापरलेला चार तारांचा अ‍ॅक्टिव्ह बेस ऑनलाइन घेतला, साडेतेरा हजारांना. पार्सल आज दुपारी आलं. तीन दिवसांत परत घेईन असं त्यानं लिहून दिलंय. दिसायला झकास आहे, पण:

ई आणि ए तारांवर पहिल्या चार-पाच फ्रेटना करकर होते. सातव्याच्या पुढे एकदम स्वच्छ. आवाज दहा मिनिटं बरा येतो, मग जरा जोरात मारलं की फाटतो. घरच्या अ‍ॅम्पवर सतत घूंऽऽ असतं, तारांना हात लावला की कमी होतं. इथल्या एका दुकानात दाखवला तर म्हणाले, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) गेलाय, चार हजार लागतील. मग मी साडेसतरा हजारांत नेमकं काय घेतलं?

मंद्रसप्तक: दोनच प्रश्न. पार्सलमध्ये तारा सैल होत्या का? आणि अ‍ॅक्टिव्ह म्हणताय, तर आतली बॅटरी बदलली का?

धागाकर्ता: तारा अगदी लोंबत होत्या. आवळून चार तास झाले. बॅटरी... मागे एक छोटं झाकण आहे खरं. मला वाटलं वायरिंगचं असेल. (माझा जुना पॅसिव्ह, बिनबॅटरीचा होता हो, हसू नका.)

निपाणी नाका: हसलो. परत पाठवा, डोक्याला ताप कशाला? सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याचं दुखणं.

मंद्रसप्तक: थांबा, पाठवू नका आणि पिकअपवर चार हजारही घालू नका.

आधी करकर. चार तारा सुरात आवळल्या की नेकवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण येतो. तो ताण नेकला पुढे ओढतो आणि नेकमधली पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, मागे. दोघांची रस्सीखेच चालू असते तोवर नेक जागेवर. पार्सलसाठी तारा पूर्ण सोडल्या की एका बाजूनं दोर सुटतो, नेक मागे जातो. मग पहिल्या फ्रेटना तार घासणारच, वर मात्र काही होत नाही. तुमचं लक्षण अगदी हेच. तारा आवळल्या म्हणून लाकूड चार तासांत परत येत नाही. शिवाय आत्ता पाऊस, बेळगावची हवा, लाकूड तसंही हलत असतं.

रात्रभर सुरात ठेवा. उद्या पुन्हा सूर लावा आणि ई तार पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. काहीच फट नसेल तर रॉड घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा सैल करा. पावच. मापाची अ‍ॅलन की वापरा, ढिली बसली तर रॉडच्या नटाचे कोपरे झिजतात आणि मग खरंच चार हजार लागतील. जोर लावावा लागला तर हात काढा.

फोनच्या ट्यूनरला खालची ई नीट पकडता येत नाही, ती ४१ हर्ट्झच्या आसपास असते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती हलकेच शिवून निघणारा वरचा सूर) वाजवून लावा.

आवाज फाटणं ही बहुतेक बॅटरीच. ९ व्होल्टची नवी घाला. आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवा, पीन आत असेपर्यंत बॅटरी खर्ची पडत राहते. जुन्या मालकानं केबल लावूनच भिंतीला टेकवून ठेवला असेल, पैज लावतो.

वायरमन: घूंबद्दल. तारांना हात लावल्यावर कमी होतंय म्हणजे बेसचं अर्थिंग ठीक आहे. हात लावून फरकच पडला नसता तर ब्रिजखालची (खालच्या टोकाला तारा टेकतात त्या भागाखालची) वायर तुटलीय म्हटलं असतं. घरचं बघा. अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पीन शाबूत आहे ना? दोन पिनांच्या बोर्डात घुसवायला ऑर्केस्ट्रावाले ती कापतात, मी डोळ्यांनी बघितलंय. ओल्या मांडवात एका हातात तारा आणि ओठाला माईक लागला की काय होतं ते अनुभवून बघू नका.

निपाणी नाका: होय की वो, ते मात्र खरं. बरं, एवढं सगळं करण्यापेक्षा मिरजेला का नेत नाही? तिथले सतारमेकर नटाला (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आणि फ्रेटला हात लावतील. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही.

मंद्रसप्तक: नट घासायचा असेल तर जरूर न्या, हाडावरचं त्यांचं काम बारीक असतं. पण हे नेक वाकण्याचं दुखणं आहे. तंबोऱ्याला दोरा सरकवून जवारी, म्हणजे तार घासून येणारी झणझण, खुलवतात, इथं आयती आलीय आणि आपल्याला नकोय.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी रात्री): बॅटरी काढून बघितली तर तिच्या टोकांना पांढरी बुरशी. नवी घातली, आवाज तासभर वाजवूनही फाटला नाही. पिकअप ठणठणीत. दुकानात काही बोलून आलो नाही, पुढं तारा तिथूनच घ्यायच्यात.

सकाळी फट शून्य होती. पाव फेरा दिला, दुपारी कार्ड अडकतअडकत गेलं. ए तार स्वच्छ. ई वर पहिल्या फ्रेटला अजून किंचित करकर आहे, पण फक्त जोरात मारल्यावर, आणि अ‍ॅम्पमधून येत नाही. तिसरी पीन... होय, कापलेली होती. मीच कापली होती, खानापूरच्या एका लग्नात.

एकच नवीन सापडलं. जी तारेवर सहाव्या फ्रेटला सूर लगेच मरतो, पाचव्याला आणि सातव्याला नीट टिकतो.

मंद्रसप्तक: डेड स्पॉट. नेकचं स्वतःचं कंपन तो सूर खाऊन टाकतं. लांब नेकच्या बेसवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान जी तारेला हे बऱ्याचदा असतं, महागड्यांनाही. तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटला घ्या. ई साठी आणखी एक दिवस थांबा, आज पुन्हा रॉडला हात लावू नका.

धागाकर्ता: ठेवतो मग. बेंगळूरच्या मुलाला कळवलं, तोही सुटल्यासारखा हसला. केबलचं विचारलं तर म्हणाला, हो, लावलेलीच असायची.

जुन्या बेसचे फ्रेट काढून फ्रेटलेस करून बघायची हौस कुणाला आहे का? पैसे नकोत. खानापूर किंवा संकेश्वरपर्यंत आणून देतो. ई तारेची चावी मात्र तुम्ही बदला.