मदत हवी आहे: ॲपने काढून दिलेला खताचा डोस कोरडवाहू ज्वारीला चालेल का?

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा तालुक्यात आमचं चार एकर रान आहे, सगळं कोरडवाहू. रब्बीला मालदांडी ज्वारी ठरलेली. ओढ्याकडची दोन एकर काळी, कंबरेएवढं खणलं तरी मुरूम लागत नाही. वरच्या अंगाची दोन एकर हलकी, वीतभर मातीखाली मुरूमच. वडील दोन्हीकडे सारखंच खत देत आलेत: पेरताना एकरी एक पोतं डीएपी, पुढं काही नाही.

यंदा मृदा आरोग्य पत्रिका समोर ठेवून मोबाइलवरच्या खत गणकात आकडे भरले. हेक्टरी नत्र (नायट्रोजन) 172 किलो, स्फुरद (फॉस्फरस) 11, पालाश (पोटॅश) 520, सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के, सामू (पीएच) 8.2, जस्त 0.4 पीपीएम. ॲपने अपेक्षित उत्पादन विचारलं, मी एकरी 10 क्विंटल लिहिलं. उत्तर आलं: एकरी एक पोतं डीएपी आणि दीड पोतं युरिया, त्यातला अर्धा युरिया पेरणीनंतर महिन्याने. जमीन किती खोल आहे, पाणी आहे की नाही, हे त्याने कुठंच विचारलं नाही.

वडिलांचं म्हणणं, परतीचा पाऊस गेल्यावर वरून टाकलेला युरिया जाणार कुठं? मलाही ते पटतं. पण नत्र कमी आहे हे पत्रिकेत स्पष्ट दिसतंय, मग नुसत्या डीएपीवर भागवणंही बरोबर वाटत नाही. पेरणी तोंडावर आली आहे आणि खताचे पैसे एकदाच घालता येतात. दोन्ही तुकड्यांना किती खत द्यावं, आणि असल्या ॲपचं कुठवर ऐकावं, हे जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दादा, तुमच्या ॲपचा आकडा मांडून पाहिला. 50 किलो डीएपीतून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. युरियाचं पोतं 45 किलोचं, दीड पोतं म्हणजे 67 किलो युरिया, त्यातून 31 किलो नत्र. एकरी 40 किलो नत्र झालं, म्हणजे हेक्टरी 100. भारी जमिनीतल्या बागायती ज्वारीला राहुरी कृषी विद्यापीठाची नत्राची शिफारस एवढीच आहे. तुमचं रान बागायती धरून हिशोब झालाय. अपेक्षित उत्पादन जेवढं जास्त लिहाल तेवढं खत वाढत जातं. ते उत्पादन यायला ओल आहे का, हे सांगायचं काम आपलं.

कोरडवाहू रब्बी ज्वारीची शिफारस जमिनीच्या खोलीवर ठरते. 30 सेंमीपर्यंत हलकी, 60 पर्यंत मध्यम, त्याहून खोल ती भारी. हलकीला हेक्टरी 25 किलो नत्र, मध्यमला 40 नत्र आणि 20 स्फुरद, भारीला 60 नत्र आणि 30 स्फुरद. पालाश तुमच्याकडे भरपूर आहे, त्यावर पैसे घालू नका.

ओढ्याकडच्या तुकड्याला एकरी 26 किलो डीएपी आणि 42 किलो युरिया द्या. वरच्या तुकड्याला एकरी 22 किलो युरिया पुरे. तिथं मालदांडीऐवजी फुले अनुराधा घेऊन बघा, ती हलक्या रानासाठीच काढलेली आहे. सगळं खत पेरतानाच दोन चाड्याच्या पाभरीने (बी आणि खत वेगळं पेरणाऱ्या अवजाराने) बियाण्याखाली ओलीत पडलं पाहिजे. वडील बरोबर सांगतायत. चुनखडीच्या कोरड्या रानात वर फेकलेल्या युरियातलं नत्र हवेत उडून जातं, आणि उरलेलं मुळापर्यंत न्यायला पाणीच नसतं.

आणखी एक. पत्रिकेचा नमुना नक्की कुठून घेतला होता ते बघा. या योजनेत कोरडवाहू भागात सुरुवातीला 10 हेक्टरला एक नमुना धरायचे. 172 हा आकडा शेजारच्या बांधापलीकडचाही असू शकतो. पीक निघाल्यावर दोन्ही तुकड्यांचे नमुने वेगवेगळे द्या. सोलापुरातलं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र 1933 पासून याच प्रश्नावर काम करतंय, एकदा तिथं जाऊन बसा. ॲपपेक्षा तिथं जास्त उलगडा होईल.

धागाकर्ता

फार मोठी मदत झाली, काका. 100 किलोचा हिशोब वडिलांना वाचून दाखवला. युरिया पेरून द्यायला ते तयार झाले, पण डीएपी निम्मं करायला मन घेत नाही. म्हणून ओढ्याकडे दोन पट्टे वेगळे ठेवतोय, एक त्यांच्या पद्धतीचा, एक तुम्ही सांगितलेला. काढणीला कणीस आणि कडबा दोन्ही तोलून इथं लिहीन. जस्ताचं राहिलं: झिंक सल्फेट डीएपीतच मिसळून पेरलं तर चालेल का?

प्रतिसाद

नको. स्फुरदाबरोबर जस्त बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. कुजलेल्या शेणखतात मुरवून पेरणीआधी कुळवाच्या पाळीला (रान कुळवताना) द्या, एकरी 8 ते 10 किलो. आधी काळ्या तुकड्यातच देऊन बघा.