सर्व्हर सांभाळणाऱ्या साधनांनी ओपनएसएसएलची स्वतःची प्रत बाळगावी का?

धागाकर्ता:
सर्व्हरच्या देखरेखीसाठी आपण जी नियंत्रण पॅनेल, बॅकअपची साधने आणि मॉनिटरिंग एजंट बसवतो, त्यांनी एन्क्रिप्शनची लायब्ररी (तयार कोडचा संच, जसे ओपनएसएसएल) स्वतःसोबत आणणे बंद करावे आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे तीच वापरावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यामागे हार्टब्लीडचा अनुभव आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेली ही त्रुटी ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत होती. समोरच्याने थोडीच अक्षरे पाठवून 'मी हजारो पाठवली आहेत, ती परत दे' असे सांगितले, तरी सर्व्हर ती लांबी पडताळून न पाहता शेजारच्या मेमरीतला मजकूर, एका वेळी ६४ केबीपर्यंत, देऊन टाकत असे, आणि नेहमीच्या लॉगमध्ये त्याची खूणही उरत नसे. त्या रात्री आम्ही सर्व सर्व्हरवर पॅच लावला, वेब सर्व्हर पुन्हा सुरू केले आणि वेबसाइटच्या एन्क्रिप्टेड जोडणीचा ४४३ पोर्ट तपासून घरी गेलो. सकाळी एका सहकाऱ्याने तीच चाचणी वेगळ्या पोर्टवर चालणाऱ्या बॅकअप पॅनेलवर लावली, तेव्हा आलेल्या मजकुराच्या मधोमध आमच्याच ॲडमिन खात्याचा पासवर्ड उघडा दिसत होता. पॅनेलने स्वतःच्या फोल्डरात लायब्ररीची वेगळी प्रत ठेवली होती आणि आमच्या अपडेटचा तिला स्पर्शही झाला नव्हता. विक्रेत्याचा पॅच येईपर्यंत तो पोर्ट बंद ठेवण्यावाचून आमच्या हाती काहीच नव्हते.

प्रतिसाद १:
आपला अनुभव गंभीर आहे, परंतु निष्कर्षाशी मी असहमत आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत अधिक सुरक्षित असते, हे गृहीतकच तपासायला हवे. मेमरी तपासणाऱ्या साधनाने इशारे दिले म्हणून २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधील काही ओळी गाळल्या गेल्या आणि त्यासोबत यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा स्रोतच गेला. उरला तो फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला सिस्टिम देते तो), म्हणजे प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत अशा मशीनवर तयार झालेली प्रत्येक एसएसएच किल्ली (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याची) अंदाजाने ओळखता येण्याजोगी होती. मूळ ओपनएसएसएलमध्ये हा दोष नव्हता.

२०२४ चे एक्सझेड प्रकरणही, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या या लायब्ररीत दडवलेली चोरवाट, याच वाटेने आले. ओपनएसएसएच (एसएसएच लॉगिनचे सॉफ्टवेअर) स्वतः ती लायब्ररी वापरत नाही. लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला सूचना देता यावी म्हणून काही वितरणांनी जो पॅच जोडला, त्यातून ती एसएसएचडीमध्ये, म्हणजे ओपनएसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये, शिरली.

शिवाय जुन्या सर्व्हरचे काय करायचे? रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ सोबत ओपनएसएसएल ०.९.८ येत असे आणि त्यात एन्क्रिप्टेड जोडणीचा टीएलएस १.२ हा प्रोटोकॉल नव्हता. स्वतःची प्रत न बाळगणारे साधन तिथे जुन्या प्रोटोकॉलवरच अडकले असते.

धागाकर्ता:
डेबियनचे उदाहरण मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्यावरचा उपायही त्याच मार्गाने आला: सिस्टिमच्या अपडेटमधूनच लायब्ररी दुरुस्त झाली आणि कमकुवत किल्ल्या नाकारणारी यादीही सर्व मशीनवर पोहोचली. एक्सझेडमधला घातक कोड डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचण्यापूर्वीच आंद्रेस फ्रॉइंड यांनी पकडला, कारण एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा त्यांनी चिकाटीने माग काढला. एखाद्या बंदिस्त पॅनेलच्या पोटात असा कोड दडला असता, तर त्याचा असा माग काढणे बाहेरच्या कोणाला शक्य झाले असते का?

उलट बाजूचे उदाहरण पुटी या एसएसएच लॉगिनच्या प्रोग्रॅमचे आहे. एप्रिल २०२४ मध्ये पुटीच्या ०.६८ ते ०.८० आवृत्त्यांत पी-५२१ प्रकारच्या किल्ल्यांबाबत त्रुटी सापडली. प्रत्येक सहीसाठी लागणाऱ्या गुप्त संख्येचे पहिले ९ बिट नेहमी शून्य येत असत. पुटीचाच कोड पोटात घेतल्यामुळे फाइलझिला आणि विनएससीपी या फाइल पाठवण्याच्या साधनांनाही वेगवेगळ्या आवृत्त्या काढाव्या लागल्या.

प्रतिसाद २:
दोन्ही बाजू वाचल्यावर वाटते की किल्लीचा मुद्दा चर्चेतून निसटत आहे. पुटी ०.८१ बसवल्याने जुनी किल्ली सुरक्षित होत नाही. सुमारे ६० सह्या हाती लागल्या की खासगी किल्ली गणिताने काढता येते, आणि त्या किल्लीने सही केलेले गिट कमिट (कोडमधील बदलांच्या नोंदी) सार्वजनिक असतील तर सह्या आधीच सर्वांसमोर आहेत. प्रत्येक सर्व्हरवरच्या अधिकृत किल्ल्यांच्या फाइलमधून ती ओळ काढून टाकली नाही, तर दार उघडेच राहते. हार्टब्लीडनंतरही अनेकांनी पॅच लावला, पण प्रमाणपत्र जुन्याच खासगी किल्लीवर चालू ठेवले.

आणखी एक गोष्ट. एचपी सर्व्हरमधील आयएलओसारखी देखरेखीची चिप ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाहेर, स्वतःच्या फर्मवेअरवर चालते. २०१४ मध्ये जुन्या आयएलओ आणि आयएलओ २ वर हार्टब्लीडची नुसती चाचणी चालवली, तरी ती चिप गोठत असे आणि सर्व्हरची वीज प्रत्यक्ष काढावी लागे. अशा ठिकाणी सिस्टिमची लायब्ररी वापरा हा सल्ला लागूच पडत नाही.

प्रतिसाद १:
किल्ल्यांबाबत पूर्ण सहमत. म्हणूनच मला प्रत कोणाची यापेक्षा ती दिसते का हे महत्त्वाचे वाटते. साधनात कोणते घटक कोणत्या आवृत्तीचे आहेत याची यादी विक्रेत्याने द्यावी, यासाठी भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. खरेदीच्या करारातच ही अट घालावी आणि त्याशिवाय बिल मंजूर करू नये. यादी असती, तर आपल्याला त्या पॅनेलचा पत्ता सकाळी नव्हे, रात्रीच लागला असता.

धागाकर्ता:
ही अट मला मान्य आहे, पण ती यादी अपडेटची जागा घेऊ शकत नाही. आपला प्रतिसाद वाचून आज दुपारी आमच्या एका सर्व्हरवर लिबक्रिप्टोच्या, म्हणजे ओपनएसएसएलच्या मुख्य लायब्ररीच्या, फाइल शोधल्या. पाच प्रती सापडल्या. सिस्टिमची एक सोडली तर उरलेल्या चार निरनिराळ्या साधनांच्या आहेत, आणि त्यातल्या दोन १.०.२ मालिकेतल्या आहेत, जिचा सार्वजनिक आधार २०१९ च्या अखेरीसच संपला. दोन्ही विक्रेत्यांना पत्र पाठवले आहे. उत्तर आले की इथे लिहीन.