मॉर्फिनचा डोस वाढवल्यानंतर हातपाय झटकणे

प्रश्न :
वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. डोस वाढवल्यापासून त्यांचे हातपाय जागेपणीही अचानक झटकतात, अंगावरची चादर नुसती सरकली तरी ते कळवळतात आणि खोलीत कोणीतरी उभे आहे असे रात्री सांगतात. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आधीपासून वाढलेले आहे. आजार बळावला असे समजून डोस आणखी वाढवून मागावा का?

उत्तर १ :
ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर आधी औषधावरच संशय घ्यायला हवा. यकृतात मॉर्फिनपासून तयार होणारे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडांचे काम मंदावले की ते रक्तात साठत जातात, आणि त्यांपैकी मॉर्फिन-३-ग्लुक्युरोनाइड वेदना शमवत तर नाहीच, उलट मज्जासंस्थेला चेतवते, असे मानले जाते. या झटक्यांना मायोक्लोनस म्हणतात. साध्या स्पर्शाने होणारी वेदनाही ओपिऑइडमुळेच, म्हणजे मॉर्फिनच्या वर्गातील औषधामुळेच, असू शकते, आणि ती आजाराची समजून डोस वाढवत गेल्यास प्रकरण भ्रम, गुंगी आणि क्वचित फिट येण्यापर्यंत जाते. मात्र गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. डॉक्टर बहुधा डोस घटवतात, शरीरात पाणी कमी असल्यास सलाइन देतात किंवा फेंटानिलसारख्या दुसऱ्या वेदनाशामकाकडे वळतात. असे औषध बदलताना नव्याची सुरुवात समतुल्य (तेवढाच परिणाम देणाऱ्या) मात्रेपेक्षा साधारण २५ ते ५० टक्के कमी ठेवतात. डॉक्टरांना आजच फोन करा, आणि फिट आली किंवा श्वास मंदावला तर थेट रुग्णालय गाठा.

उत्तर २ :
सहमत आहे, पण सगळा दोष मॉर्फिनवर टाकण्याची घाई नको, कारण संसर्ग किंवा रक्तातील वाढलेले कॅल्शियम यांमुळेही भास होतात. इतर कोणती औषधे चालू आहेत? ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या एकत्र घेतल्यास सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे शरीरात सेरोटोनिन हे रसायन अति वाढण्याचा त्रास, होऊ शकतो. त्यातही झटके येतात, शिवाय घाम, ताप आणि थरथर असते.

प्रश्नकर्ता :
ट्रॅमाडॉल नाही, नैराश्याचीही गोळी नाही. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन मात्र आहे.

उत्तर २ :
मग ते फोनवर आवर्जून सांगा. गॅबापेंटिनही मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते आणि साठले तर एकटेही असे झटके आणू शकते, त्यामुळे क्रिएटिनिन पाहून दोन्ही औषधांच्या मात्रा ठरवाव्या लागतील.