सोलर पॅनेल थेट पाण्यात जोडलं की व्होल्टेज एकदम का पडतो? (घरगुती हायड्रोजन)

कुतूहल:
नमस्कार मंडळी. १०० वॉटचं एक सोलर पॅनेल पडून आहे. त्यावर पाण्यापासून हायड्रोजन करून छोटी शेगडी पेटवता येईल का, हे बघायचं डोक्यात आहे. बरणीत पाणी, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा, स्टीलच्या दोन पट्ट्या, आणि पॅनेलच्या वायरी थेट पट्ट्यांना. बुडबुडे लगेच सुरू झाले.

पण मोकळ्या पॅनेलवर मल्टिमीटर २१ व्होल्ट दाखवत होता, तो पट्ट्या बुडवताच ४ वर आला. करंट साडेपाच अँपिअरच्या आसपास. पाणी कोमट होत गेलं आणि नंतर पिवळसर-तपकिरी झालं. पॅनेल बिघडलं आहे का? आणि दिवसभरात साधारण किती गॅस निघेल? दोन्ही पट्ट्यांचा गॅस एकाच नळीतून घेतला तर चालेल ना?

जुना ऑपरेटर:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, अजिबात चालणार नाही. आज जो गॅस एकत्र जमला असेल तो उघड्यावर सोडून द्या. बाटलीत, फुग्यात, ट्यूबमध्ये कशातही भरू नका.

मी औष्णिक वीज केंद्राच्या हायड्रोजन प्लांटमध्ये नोकरी केली आहे. मोठ्या जनरेटरच्या पोटात थंडाव्यासाठी हायड्रोजन भरतात, कारण तो हवेपेक्षा फार हलका असल्याने रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, अडवत नाही आणि उष्णता मात्र झपाट्याने वाहून नेतो. तो गॅस आम्ही तिथेच पाण्यापासून करायचो. जनरेटरमध्ये हवा असताना हायड्रोजन कधीच सोडत नाहीत. आधी कार्बन डायऑक्साइडने हवा बाहेर काढायची, मग त्याला ढकलत हायड्रोजन आत घ्यायचा. रिकामा करतानाही तसंच, उलट्या क्रमाने. एवढी काळजी घ्यायचं कारण साधं आहे. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की मिश्रण पेट घेतं, आणि पेटायला ०.०२ मिलिज्यूल इतकी ठिणगी पुरते. नायलॉनचा शर्ट काढताना जी चटचट होते ती याच्या कितीतरी पट मोठी असते. तुमच्या एका नळीतून येणारं मिश्रण तर हवेतल्यापेक्षाही वाईट, कारण त्यात दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग शुद्ध ऑक्सिजन, म्हणजे नेमकं स्फोटाला हवं तेच प्रमाण. त्यात ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. गळतीची शंका असेल तिथे जुने लोक लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे, झाडू पेटला की कळायचं पुढे ज्योत आहे.

आता पॅनेल. ते ठणठणीत आहे. पाणी तोडायला एका सेलला, म्हणजे दोन पट्ट्यांच्या एका बरणीला, तत्त्वतः १.२३ व्होल्ट लागतात, आणि बाहेरून उष्णता न घेता प्रक्रिया चालवायची तर १.४८. प्रत्यक्षात चांगला सेल १.८ ते २ व्होल्टवर चालतो. तुमच्या सोड्याच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ४ लागले, आणि वरचे २ व्होल्ट पाणी कोमट करण्यात गेले. पॅनेलचा करंट उन्हावर ठरतो, व्होल्टेज मात्र समोरचा भार ठरवतो. तुम्ही ४ व्होल्टचा भार लावलात, म्हणून ते मुकाट ४ वर आलं. ४ गुणिले साडेपाच, म्हणजे २२ वॉट. १०० वॉटच्या पॅनेलकडून तुम्ही २२ वॉट घेताय, आणि त्यातलेही निम्मे वाया.

उपाय म्हणजे सेल एकामागोमाग एक जोडा, सिरीजमध्ये. अशा पॅनेलला सगळ्यात जास्त पॉवर १८ व्होल्टच्या जवळपास मिळते. दोन व्होल्टचा एक धरला तर नऊ सेल. तोच साडेपाच अँपिअर करंट नऊही सेलमधून जातो आणि प्रत्येक सेल आपापला गॅस देतो. एक ग्रॅम हायड्रोजनला २६.६ अँपिअर-तास लागतात, हा फॅरेडेचा हिशेब आहे आणि त्यात कुठल्याही व्हिडिओवाल्याला सूट मिळत नाही. तासाला एका सेलमधून ०.२ ग्रॅम, नऊंमधून पावणेदोन-दोन ग्रॅमच्या मध्ये. दिवसात पाच तासांचं भरीव ऊन धरलं तर नऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साध्या दाबाला शंभर लिटरहून थोडा जास्त गॅस. पाणी किती खर्च होईल? ८०-८५ मिलिलिटर.

शंभर लिटर ऐकायला भरपूर वाटतं, म्हणून शेगडीचा हिशेब सांगतो. या नऊ ग्रॅममध्ये सुमारे ३०० वॉट-तास उष्णता आहे. शेगडीवर निम्मी वाया जाते असं धरलं तर पावणेदोन लिटर पाणी उकळेल. पॅनेलची त्याच पाच तासांची ५०० वॉट-तास वीज बॅटरीत भरून पाण्यात बुडवायच्या हीटरला दिली तर चार-साडेचार लिटर उकळेल, आणि घरात स्फोटक गॅस नसेल. शेगडीचा बेत सोडा असं मी मनापासून सांगतो. प्रयोग मात्र जरूर करा.

रसायनवाली:
वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी फक्त त्या पिवळ्या पाण्याबद्दल लिहिते, कारण मला त्याची जास्त काळजी वाटली.

स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. धन बाजूच्या पट्टीवर जास्त व्होल्टेज पडला की ते विरघळून क्रोमेट होऊ शकतं, तेच पिवळं दिसतं. तपकिरी गाळ लोखंडाचा. क्रोमेटमधलं क्रोमियम सहा-संयुजी असतं आणि ते कर्करोगकारक आहे. ते पाणी झाडांना, बेसिनमध्ये, गटारात कुठेही ओतू नका, हात लावू नका. झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरून वर चिठ्ठी लावा आणि जवळच्या कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत विचारा, त्यांच्याकडे असा कचरा वेगळा देण्याची सोय असते.

सोड्याऐवजी मीठ घालायचा मोह होईल, तोही नको. मिठाच्या पाण्यात धन पट्टीवर क्लोरीन निघतो आणि बंद खोलीत तो फुप्फुसांना जाळतो.

योग्य जोडी म्हणजे निकेलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). बॅटरी पॅक जोडायला वापरतात ती निकेल पट्टी मिळते, पण शुद्ध निकेलचीच घ्या. निकेल चढवलेली स्टीलची असेल तर कापलेल्या कडेपासून गंजते. कारखान्यात पोटॅश २५-३० टक्के वापरतात, तुम्हाला ५ टक्के पुरे. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. पाण्यात पोटॅश थोडं थोडं टाकायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही, ते उसळतं. पाणी डिस्टिल्डच घ्या. खर्च होतं ते फक्त पाणी, पोटॅश तसंच राहतं, त्यामुळे नंतर भर फक्त पाण्याची.

सूर्यफूल:
मधेच विचारतो. पॅनेल, वायरी काहीच नको, पाण्यात पावडर टाकून उन्हात ठेवली की हायड्रोजन निघतो असं वाचलं होतं. ते खरं की थाप?

जुना ऑपरेटर:
खरं आहे, आणि वाचण्यासारखं आहे. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी तोडून दाखवलं. पण हे द्रव्य फक्त अतिनील किरण घेतं, आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के असतात. बाकीचं सगळं ऊन त्याच्यापुरतं नसल्यातच जमा. २०२१ मध्ये जपानमध्येच १०० चौरस मीटर क्षेत्रावर अशा पावडरचे पत्रे पसरून महिनोन् महिने गॅस काढला. त्यांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण मिळायचं आणि ते पडद्यातून वेगळं करावं लागायचं. उन्हातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. पॅनेल २० टक्के आणि इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी तोडणारं यंत्र, ६५ टक्के धरला तरी आपला द्राविडी प्राणायाम १३ टक्क्यांवर जातो. २०१६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तीन थरांचा महागडा सौर सेल आणि त्यावर एकवटलेलं ऊन वापरून ३० टक्के गाठले होते, पण ते प्रयोगशाळेत. पावडर स्वस्त आहे, म्हणून लोक तिच्या मागे आहेत, आणि असावेतच.

उन्हाची खरी अडचण आम्हा प्लांटवाल्यांना वेगळीच दिसते, ढग. दोन्ही गॅसांमध्ये जो पडदा असतो त्यातून थोडा हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतोच. पूर्ण करंटवर ते जाणवत नाही. करंट पडला की ऑक्सिजन कमी तयार होतो, झिरपणं मात्र तेवढंच राहतं, आणि ऑक्सिजनमधलं हायड्रोजनचं प्रमाण धोक्याकडे सरकतं. म्हणून अल्कलाइन (पोटॅशवाले) सेल फार कमी लोडवर चालवत नाहीत. ग्रिडवर आम्हाला हा प्रश्न नव्हता, रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं यंत्र) एकसारखा करंट द्यायचा. सौर हायड्रोजनवाल्यांना तो रोज सकाळ-संध्याकाळ आहे.

कुतूहल:
खूप आभार. पिवळं पाणी बरणीत बंद केलं आहे. शेगडी रद्द. पण मग काका, एवढा तोटा असेल तर जगभर हायड्रोजनचा गाजावाजा कशासाठी? बॅटरीच पुरे की.

जुना ऑपरेटर:
जिथे वीज थेट पोहोचते तिथे बॅटरीच पुरे. एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट जातात आणि फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र) परत वीज काढली तर १६-१७ युनिट हातात येतात. दाबून भरण्याचा खर्च वेगळाच.

पण खताच्या अमोनियाला हायड्रोजनच लागतो, वीज चालत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन कोळशाऐवजी हायड्रोजनने काढता येतो. जगात आजच वर्षाला नऊ-दहा कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू नि कोळशापासून येतो. वायूपासून एक किलो काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो हायड्रोजन उन्हावर झाला पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. चूल पेटवण्यात तो घालवू नये.

तुमच्या प्रयोगासाठी दोन गोष्टी. पॅनेलच्या वायरीत ब्लॉकिंग डायोड टाका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. ऊन गेल्यावर पट्ट्यांवर चिकटलेल्या गॅसमुळे नऊ सेलांची मिळून बॅटरीच होते आणि उलटा करंट पॅनेलमध्ये जातो. दुसरं, प्रत्येक सेलमध्ये दोन्ही पट्ट्यांवर वेगवेगळ्या परीक्षानळ्या पाण्याने भरून उलट्या धरा. ऋण बाजूची दुप्पट वेगाने रिकामी होईल, तो हायड्रोजन. ती नळी तोंड खालीच ठेवून सेलपासून दूर न्या, गॉगल लावा आणि तोंडाशी काडी धरा. हळू ‘पुक्’ झालं तर गॅस शुद्ध. किंचाळल्यासारखा तीक्ष्ण आवाज आला तर हवा किंवा ऑक्सिजन मिसळला आहे, तेव्हा जोडण्या तपासल्याशिवाय पुढची नळी पेटवू नका.