आंबोलीत जुलैच्या फोटोग्राफीसाठी ‘ब्रीदेबल’ जॅकेट : पैसे नेमके कशावर घालावेत?

प्रश्न : ओली_बॅग

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आंबोलीला जायचं आहे. काम मुख्यतः रात्रीचं. बेडूक, चापडा (एक विषारी साप), मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश. पहाटे सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) थोडं वाइड अँगल. एका वेळी तीन-चार तास बाहेर. सध्या पीव्हीसीचा साधा रेनकोट आहे. त्यातून बाहेरचं पाणी आत येत नाही, पण घामाने आतला शर्ट पिळावा लागतो, आणि वाकून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की लगेच काचेवर वाफ धरते.

दोन जॅकेटं बघून ठेवली आहेत. एक अडीच थरांचं, १०,००० मिमी / १०,००० ग्रॅम, पाच हजारांच्या आत. दुसरं तीन थरांचं, २०,००० / २०,०००, किंमत जवळपास तिप्पट. दुसऱ्यातून घाम खरंच दुप्पट बाहेर जातो का? आणि वॉटरप्रूफ पँट लागेल का?

प्रतिसाद १ : घाटमाथा

नाही, दुप्पट जात नाही. आकडा खोटा असतो असं नाही, पण तो ज्या हवेत मोजला जातो ती हवा जुलैत आंबोलीला नसते.

१०,००० ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत जाणारी वाफ, तासाला साधारण ४१५ ग्रॅम. हे मोजायच्या पद्धती तीन-चार आहेत आणि एकाच कापडाला प्रत्येक पद्धतीत वेगळा आकडा मिळतो. लेबलवर पद्धत लिहिलेली नसेल तर दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात काही हशील नाही. त्यातल्या त्यात आरईटी, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं, हा आकडा भरवशाचा. तो जितका कमी तितकं चांगलं : ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत चांगलं, २० च्या वर घुसमट. पण तीही चाचणी ३५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत होते, आणि कापड कोरडं असतं.

आंबोलीत काय होतं ते बघा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पावसाची जागा. जुलैत हवा २२ अंशांच्या आगेमागे आणि आर्द्रता ९५ च्या वर. घामेजलेल्या त्वचेजवळ बाष्पदाब ५३ हेक्टोपास्कल धरला, तर बाहेर २५ असतो. वाफ बाहेर ढकलणारा जोर तेवढ्या फरकाचाच. त्यात कापडावर सतत पाऊस पडून ते गार झालेलं असतं, म्हणून आतली वाफ बाहेर पडण्याआधीच अस्तरावर पाणी होऊन बसते. वरचा पाणी झटकणारा लेप गेला असेल तर कापडच भिजतं, पाण्याचा पापुद्रा धरतं आणि मेम्ब्रेनला (पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पातळ पडद्याला) बाहेरून बूच बसतं. ‘जॅकेट गळतं’ ही तक्रार पुष्कळदा याच घामाची असते. पाठीवर बॅग घेऊन चढताना तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. कुठलंही मेम्ब्रेन त्याला पुरं पडत नाही.

तेव्हा आंबोलीसाठी पैसे मेम्ब्रेनवर नको, उघडझापीवर घाला. काखेत किमान २५-३० सेंटीमीटरच्या चेन हव्यात, पुढची चेन खालूनही उघडणारी हवी, खिशांना आतून जाळीचं अस्तर असेल तर तेही उघडे ठेवून हवा खेळवता येते. भाताच्या लावणीला वापरतात त्या इरल्यात मेम्ब्रेन नसतं, तरी दिवसभर वाकून काम होतं, कारण ते पाठीवर असतं आणि खालून सगळं मोकळं. अडीच थरांच्या त्या जॅकेटला काखेच्या चेन असतील तर तेच घ्या. नसतील तर दोन्हीही नको, तिसरं शोधा.

प्रतिसाद २ : जांभा_खडक

वरच्याशी सहमत, पण मिमीचा आकडा, म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं तो, दुर्लक्षून चालणार नाही. मॅक्रोवाला उभा कमी आणि गुडघ्या-कोपरांवर जास्त असतो. ७० किलोचा माणूस एका गुडघ्यावर टेकला आणि निम्मं वजन ४०-५० चौरस सेंटीमीटरवर आलं, तर दाब होतो सात ते नऊ मीटर पाण्याच्या उंचीएवढा, म्हणजे ७,००० ते ९,००० मिमी. हे सपाट जमिनीवर. जांभ्याच्या टोकावर त्याच्या कितीतरी पट. ५,००० मिमीचं कापड पावसात टिकेल, पण गुडघ्याखाली पाणी आत घेईल. बॅगेच्या पट्ट्यांखालीही तेच.

पँट हवीच, पण हलकी-फुलकी २० डेनियरची (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नको. जांभा ती एका रात्रीत खरवडतो आणि करवंदीच्या जाळीत उरलीसुरली जाते. ७० डेनियरच्या आसपासचं कापड, गुडघ्यावर दुहेरी, पोटरीपर्यंत बाजूची चेन म्हणजे गमबूट न काढता घालता-काढता येते. पँटचे पाय गमबुटाच्या बाहेरून सोडायचे. आत खोचले की पँटवरून ओघळणारं पाणी सरळ बुटात.

शिवाय दहा मिमीच्या ईव्हीए फोमचा ४०×३० सेंटीमीटरचा तुकडा कापून बॅगेला लावून ठेवा. पाणी शोषत नाही, गुडघ्याखाली टाकला की कापडावरचा दाब पसरतो. फक्त सड्यावरच्या पाण्याच्या खळग्यात तो टाकू नका. आंबोली टोड याच उथळ खळग्यांत अंडी घालतो.

प्रतिसाद ३ : निशाचर

व्ह्यूफाइंडरवरच्या वाफेचा जॅकेटशी संबंध आहेच. पुढची चेन गळ्यापर्यंत लावली की आतली सगळी ऊब कॉलरमधून वर येते आणि टोपीच्या आत अडकून थेट डोळ्यापाशी जाते. गळा चार बोटं उघडा ठेवा, काखा उघडा, फोटो घेताना जॅकेटची टोपी मागे टाकून साधी पुढे चोच असलेली कॅप घाला. स्क्रीन फिरणारी असेल तर व्ह्यूफाइंडर वापरूच नका.

दुसरी गळकी जागा म्हणजे मनगट. कॅमेरा डोळ्याच्या उंचीला धरला की पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरतं. नुसतं इलॅस्टिक चालत नाही, वेल्क्रोने आवळता येणारी बाही हवी. बाही आवळण्याआधी आतला शर्ट कोपरापर्यंत दुमडा, नाहीतर तो वातीसारखा पाणी ओढतो.

झाडीत वारा कमी असतो तिथे छत्रीला तोड नाही. मात्र ती स्वतःच्या डोक्यावर धरून उपयोग नाही. फ्लॅश आणि लेन्सच्या पुढच्या एक-दीड फुटात पडणारे थेंब फोटोत पांढऱ्या चकत्या होऊन येतात. छत्री तेवढी पुढे यायला हवी, म्हणजे सोबत्याच्या हातात. सड्यावर छत्री उघडूच नका, वारा उलटी करतो. पोंचोचंही तेच. झाडीत छान हवा खेळते आणि बॅगही झाकली जाते, पण सड्यावर तो तोंडावर येतो. शिवाय खाली बसलं की पुढची कड ज्याचा फोटो घ्यायचा त्याच्यावरच टपकते.

जळवांसाठी डीट (किडे दूर ठेवणारं औषध) लावणार असाल तर तळहाताला लागू देऊ नका. ते प्लास्टिक आणि रबर खातं, कॅमेऱ्याची पकड चिकट होते. बेडकाच्या कातडीला तर ते अजिबात लागता कामा नये. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे त्यापेक्षा बरे.

प्रतिसाद ४ : उत्तरवाट

तीन थरांच्या जॅकेटची इथे जरा जास्तच उपेक्षा चालली आहे. आठ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाहेरचा बाष्पदाब सहाच्या आसपास उतरतो, म्हणजे ५३ विरुद्ध ६. तिथे चांगलं मेम्ब्रेन किंमत वसूल करतं. मान्सूनबाहेर हिमालयात जाणार असाल तर महागडं घ्या. तीन थरांत मेम्ब्रेन आतून विणलेल्या कापडाने झाकलेलं असतं, त्यामुळे घासून लवकर खराब होत नाही आणि अंगाला चिकटत नाही. अडीच थरांत आत नुसता पातळ लेप किंवा छाप असतो, उघड्या हाताला गिळगिळीत लागतो. उपाय स्वस्त आहे : आत पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिएस्टर टीशर्ट. सुती नको, एकदा भिजला की रात्रभर वाळत नाही आणि थांबलं की हुडहुडी भरते.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. पक्ष्यांसाठी जाणार असाल तर दुकानातच बाही बाहीवर घासून आवाज ऐका. काही जॅकेटं चिवड्याच्या पिशवीसारखी वाजतात. बेडकांना फरक पडत नाही.

ओली_बॅग

सगळ्यांचे आभार. काखेच्या चेन असलेलं अडीच थरांचं एक जुनं जॅकेट अर्ध्या किमतीत मिळतंय. दिसायला नवं आहे, पण आतून किंचित चिकट लागतं आणि आंबूस वास येतो. धुऊन जाईल का?

घाटमाथा

नाही जाणार, घेऊ नका. तो पॉलियुरेथेनचा लेप विघटित व्हायला लागला आहे. दमट अवस्थेत घडी घालून ठेवलं की असं होतं. पुढची पायरी म्हणजे पापुद्रे सुटतात आणि शिवणीवरच्या टेपा उचलतात.

नवं घ्याल त्याची निगा अशी : धुताना सॉफ्टनर वर्ज्य, साधी पावडरही शक्यतो टाळा, कारण तिचा अंश कापडावर राहिला की तोच पाणी ओढतो. टेक्निकल कापडांचा द्रव साबण वापरा आणि दोनदा खळबळा. वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर २० मिनिटं, नाहीतर वर पातळ फडकं ठेवून अगदी कोमट इस्त्री. उष्णतेने पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो. मग खांद्यावर आणि बाहीवर पाणी शिंपडा. थेंब गोल होऊन घरंगळले तर ठीक. कापड गडद होऊन पाणी पसरलं तर फवाऱ्याचा नवा लेप द्या, आणि हे सगळं निघण्याच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा. आंबोलीत खोलीवर काहीच वाळत नाही.